काटेआबा आणि वाढत्या अंगाचे बूट

काटेआबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, काटा असे. मुठीत मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा, खाली हूक असलेला. तुम्ही त्यांच्या हातात काहीही द्या, प्रसादाचा पुडा द्या, लग्नाची पत्रिका द्या नाहीतर पावशेर मिरच्यांची पिशवी द्या, ते ती वस्तू आधी हुकाला लटकवत आणि डोळे बारीक करून विचारत, "कितलं शे?" म्हणजे किती आहे. प्रश्न स्वतःलाच विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. एकदा मी मिठाईचा बॉक्स नेला, तर आभार राहिले बाजूला, "भाऊ, यात पाव हिस्सा पुठ्ठाच शे," असं ऐकून घ्यावं लागलं. मी बँकेतला माणूस. माझा अपमान लोक काउंटरवर रोज करतात, पण इतक्या प्रेमाने कुणी करत नाही.

आबा मूळचे धुळ्याकडचे. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये त्यांनी उभा जन्म कापड तपासण्यात घालवला. कापडाच्या ताग्यातून एक गोल चकती कापायची, तिचं वजन करायचं आणि कापड भारी की हलकं ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कोसाडच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत त्यांनी शिलाई मशीन टाकलं आणि पिशव्या, दप्तरं शिवून द्यायला लागले. घरात बायकोशी, म्हणजे माईंशी, अहिराणी, भाजीवाल्याशी गुजराती, माझ्याशी मराठी. पण वजनाचा विषय निघाला की सगळ्यांशी अहिराणीच. काटेआबा हे नाव माझ्या मुलीने, रेवाने ठेवलं. खरं नाव आधार कार्डावर होतं, ते तिथेच राहिलं.

आमची गाठ पडली ती माझ्या मूर्खपणामुळे. रेवा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची एक मैत्रीण सुट्टीत बापाबरोबर पाठीवर सामान घेऊन डोंगर चढून आली आणि आमच्या घरात रोज एकच धोशा सुरू झाला, "बाबा, आपण पण जाऊ ने!" सुरतेत वाढलेली पोर, तिचं मराठी असं मधूनच गुजराती वळण घेतं. मी भरात येऊन शब्द देऊन बसलो. बायकोने पहिल्याच दिवशी हात जोडले. "तुम्ही दोघं खुशाल जा, मला आपल्या बिल्डिंगचा जिना पुरतो," म्हणाली.

मग एका रविवारी बापलेक खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे अख्खी भिंत पिशव्यांची. तीस लिटर, पन्नास लिटर, सत्तर लिटर. पिशवी लिटरमध्ये मोजतात हेच मला ठाऊक नव्हतं. दुकानातला पोरगा कमरेचा पट्टा, पाठीची हवा असलं काहीतरी भराभर सांगत होता आणि मी समजल्यासारखी मान हलवत होतो. किमती बघून मी मनातल्या मनात हप्ते मोजायला लागलो. अशा वेळी आपल्याकडचा बाप जे करतो तेच मी केलं. सगळं वाढत्या अंगाचं घेतलं. रेवाला पिशवी मोठ्या माणसाची आणि बूट दोन नंबर मोठे. पुढे कापूस कोंबला की झालं! एवढा खर्च करायचा तर तीन वर्षं तरी निघायला नकोत? मी स्वतः आयुष्यभर अशाच चपला फटफटवत मोठा झालो आणि त्यात काही चुकतं असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

गच्चीवर रंगीत तालीम केली. रेवाच्या पाठीवर भरलेली पिशवी चढवली, तिने ऐटीत दोन पावलं टाकली आणि उलट्या झालेल्या कासवासारखी पाठीवर आपटली. हातपाय हवेत. एक बूट पायातून निघून पाण्याच्या टाकीपाशी. तिला उचलायला मी पट्टा ओढला, तर पट्टाच तुटून हातात आला. पोरगी रडली नाही, फक्त म्हणाली, "बाबा, मी नापास झाले का?" मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या शिपायाने सांगितलं, कोसाडला एक आबा आहेत, पट्टा असा शिवतील की पिशवी फाटेल पण पट्टा सुटणार नाही.

आबांनी पट्ट्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आधी पोटातलं काढा," म्हणाले आणि आमच्या दोन्ही पिशव्या त्यांनी सतरंजीवर उलट्या केल्या. चार पुडांचा स्टीलचा डबा. दोन टर्किश टॉवेल. तीन टॉर्च. माझी जीनची पँट. साबणाची डबी, तेलाची बाटली, आणि का कोण जाणे, छत्री. एकेक वस्तू हुकाला लागत गेली आणि मी शरमेने लहान लहान होत गेलो. रेवा मात्र खुशीत ओरडत होती, "कितलं शे? कितलं शे?" शेवटी त्यांनी बूट उचलला आणि आतला कापूस बोटाने ओढून काढला.

"हे कोणाचे?"

"रेवाचे," मी म्हटलं.

"हे पुढच्या वर्षाच्या रेवाचे, भाऊ. आजची रेवा काय घालून चालणार?"

आबांनी रेवाला जवळ ओढलं, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि वितीने मोजला. "पोर आज चालणार शे ना? मग आजच्या मापाचं घ्या. वाढत्या अंगाचा फ्रॉक चालतो, बूट चालत नाही. मोठ्या बुटात पाय पुढे घसरतो, फोड येतो आणि पोराला वाटतं आपल्यालाच चालता येत नाही." हे ऐकून रेवाने माझ्याकडे असं बघितलं की जणू कोर्टातून सुटली. दुकानाने सुदैवाने बूट बदलून दिले.

चालण्यातलं आबांना इतकं कुठून कळतं, हे मला नंतर कळलं. चैत्रात सुरतेहून सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्या खानदेशी मंडळींत ते वर्षानुवर्षं जात. पहिल्या वर्षी माईंनी गोधडी, तांब्या, डाळ-तांदूळ, सगळं बांधून दिलं होतं. "तिसऱ्या दिवशी मी देवीला नाही, त्या गोधडीला हात जोडले," ते सांगत. "म्हटलं, बाई, तू तरी उतर आता खांद्यावरून." गोधडी त्यांनी वाटेतल्या एका म्हातारीला दिली आणि तेव्हापासून काटा खिशात आला.

नंतर चार-पाच रविवार आबा आम्हाला बाजारात हिंडवत होते. महागातलं काही घेऊ द्यायचे नाहीत. रेवाला चौटा बाजारातलं साधं शाळेचं दप्तर घेतलं आणि त्याला त्यांनी छातीवरून एक आणि कमरेवरून एक असा पट्टा शिवला. झोपायला टीव्हीच्या खोक्यात येतो तसल्या फोमची पातळ गुंडाळी. स्टीलच्या बाटलीऐवजी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली. पाऊस आत शिरू नये म्हणून पिशवीच्या आत प्लॅस्टिकची मोठी थैली. सुती बनियन त्यांनी माझ्याकडून काढून घेतले. "लोक आमच्या सुरतच्या सिंथेटिक कापडाला नावं ठेवतात. पण घामाने भिजलं तर झाडावर टाका, चहा होईपर्यंत वाळतं. तुमचं सुती दिवसभर पाठीवर रडत बसतं." दुकानात कापड दिसलं की ते चिमटीत धरून नुसतं चोळत आणि वजन सांगत. दुकानदार पैज लावायचे आणि हरायचे.

प्रत्येक वस्तूला आबा कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावत आणि त्यावर निळ्या पेनाने वजन लिहीत. पिशवी भरून झाली की सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज करून खांद्याच्या पट्ट्यावर एक शेवटची चिठ्ठी. मग पिशवी हुकाला लटकवायची आणि आकडा जुळवायचा. जुळला नाही तर पुन्हा सगळं बाहेर. माझा एकदा पन्नास ग्रॅमने जास्त भरला, तर चोरून ठेवलेला तंबाखूचा डबा सापडला. रेवाने घरी जाऊन आईला सांगितलं, ते वेगळंच. रेवाच्या पाठीवर काय द्यायचं हेही त्यांनीच ठरवलं. तिचं पाणी, तिची चादर, तिचा खाऊ. "बाकीचं बापाने उचलायचं. पण तिचं ते तिनेच. नाहीतर वर पोचल्यावर तिचं काय?"

दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं. गडाच्या अलीकडच्या एका गावात गाडीतून उतरायचं, चालत एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी गडाच्या पायऱ्या. मी नकाशा घेऊन वाट विचारायला गेलो तेव्हा आबा बराच वेळ मशीनचं चाक नुसतंच फिरवत बसले. दोन वर्षांपासून दम लागतो म्हणून त्यांची पायी वारी सुटली होती, हे माईंनी मला सांगितलं होतं. शेवटी मान वर न करता म्हणाले, "मला घ्याल का तुमच्यात? माझं वजन मी उचलीन."

असं कुणी विचारतं का हो? ज्या माणसाने आम्हाला बूट घालायला शिकवलं त्याने? मी हो म्हणायच्या आत रेवाने त्यांच्या गळ्यात उडी मारली. दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतःसाठी तिसरी पिशवी शिवायला घेतली. राखाडी रंगाची, मिलमधून उरलेल्या कापडाची. भरून दाराच्या मागे खुंटीला टांगली. पट्ट्यावर चिठ्ठी, तीन किलो चारशे. "बघा, उभा राहिलो की उचलली," ते सांगायचे.

ते उभे राहिले नाहीत. दिवाळीच्या आठ दिवस आधी खोकला सुरू झाला आणि पाच पावलं टाकली की भिंत धरायची वेळ आली. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरून मला सगळं नीट समजावून सांगितलं आणि मला त्यातलं एकच समजलं, की फुप्फुसं परत पूर्वीसारखी होत नसतात. मी दिवसभर लोकांची अडलेली कामं मार्गी लावतो. इथे माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. स्टुलावर बसायचं आणि त्यांच्या छातीचं वर-खाली होणं बघत राहायचं, एवढंच. मी आबांना म्हटलं, दिवाळीत काय, नाताळात जाऊ. तुम्ही बरे व्हा.

"आठ दिवसांत उभा राहतो," आबा म्हणाले.

नाताळ गेला. संक्रांत आली. दर रविवारी आम्ही कोसाडला जायचो आणि दर रविवारी रेवा आपले डोंगराचे बूट घालून यायची, कारण आबांची तशी ताकीद होती. बूट आधी घरात चालले पाहिजेत, मग डोंगरात. गेल्याबरोबर ती खाटेवर पाय ठेवी आणि आबा बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघत. "शे जागा. अजून अंगठाभर जागा शे," म्हणत. मग "अर्धा अंगठा." एकदा मी ऑडिटमुळे दोन रविवार चुकवले. तिसऱ्या रविवारी त्यांनी अंगठा दाबला, पुन्हा दाबला आणि हात मागे घेतला. रेवाला म्हणाले, "जा माय, माईंकडून लाडू घे."

ती आत गेल्यावर आबांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात एवढा जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. "भाऊ, आजच्या मापाचं घ्यायला मी कशाला सांगितलं होतं? ठेवून द्यायला? तुम्ही माझ्यासाठी थांबून राहिलात आणि तिकडे पोरीचं माप चाललं निघून. मी नाही येत. तुम्ही जा."

"आबा, तुमच्याशिवाय ती जाणार नाही."

"तिचं नाव कशाला सांगता? तुम्ही जात नाही."

खरं होतं ते. पोरगी गेली असती. मलाच वाटत होतं की आपण आबांना सोडून निघालो म्हणजे ते आता कधी उठणार नाहीत, यावर आपणच सही केली. म्हणून मी सही करत नव्हतो. होळीला नक्की जाऊ, असं मी म्हटलं. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. माणसावर प्रेम करून त्याला इतकं हताश करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही मी घरी येऊन जेवलो.

चैत्र लागायच्या चार दिवस आधी, भर दुपारी, बँकेत फोन आला. माईंच्या शेजारणीचा. मी कुणाच्या तरी पासबुकावर शिक्का मारत होतो. तो मारला, पासबुक परत दिलं आणि मग उठलो.

आबांचं तेरावं झाल्यावर माईंनी आम्हाला बोलावून घेतलं. दाराच्या मागून राखाडी पिशवी काढून त्यांनी रेवासमोर ठेवली. "ही तुमच्याकडे द्यायची म्हणून सांगून गेले," म्हणाल्या. काटाही दिला. रेवाने कुणाला न विचारता पिशवी हुकाला अडकवली आणि दोन्ही हातांनी वर उचलली. सवयीने तिच्या तोंडून निघालं, "कितलं शे?" आणि मग ती आकड्याकडे बघतच राहिली. पट्ट्यावरची चिठ्ठी म्हणत होती तीन किलो चारशे. काटा म्हणत होता तीन किलो सहाशे.

"बाबा, आबांचं चुकलं," ती म्हणाली.

आबांचं वजन चुकत नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. रेवाने सतरंजी पसरली आणि आबांच्या पद्धतीने पिशवी उलटी केली. चादर, चिठ्ठी. बाटली, चिठ्ठी. नवी टोपी, कधीच न घातलेली. आकडे जुळत होते. तळाशी मात्र एक पिवळी घडी होती, ती बेरजेत नव्हती. उलगडली तर रेनकोट. आबांनी हाताने शिवलेला, टोपीसकट. रेवाने तो अंगात घातला आणि तिचे हात बाह्यांत दिसेनासे झाले. बोटांच्या पुढेही चार बोटं बाही लोंबत होती. गळ्याशी चिठ्ठी होती. "रेवा. दोनशे ग्रॅम."

मी माईंकडे बघितलं. त्या पदराने डोळे टिपत होत्या आणि हसतही होत्या. "संक्रांतीनंतर बसून बसून शिवला. दोन टाके घालायचे आणि टेकायचे. मी म्हटलं, अहो, केवढा मोठा केला, जन्मभर वाढत्या अंगाचं नको म्हणत आलात ना? तर म्हणाले, त्या भाऊंचं काही खरं नाही. ते निघेपर्यंत पोर एवढी होईल."

रेवा इतके दिवस रडली नव्हती. तिथे सतरंजीवर बसून ती बूट काढायला लागली. ते निघत नव्हते इतके घट्ट झाले होते आणि मग ती बूट ओढता ओढता जी रडायला लागली ती थांबेना. मी तिच्या बुटाची नाडी सोडवायला गेलो आणि गाठ आणखीच घट्ट करून बसलो. माई म्हणाल्या, राहू दे भाऊ, मी सोडते.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर आम्ही लगेच निघालो असू. नाही निघालो. आधी परीक्षा, मग ऊन, मग पाऊस, मग माझं ऑडिट. कारणांना काय तोटा? पण पिवळा रेनकोट रेवाच्या कपाटाच्या दाराला आतून टांगलेला आहे आणि महिन्यातून एकदा ती तो चढवून माझ्यासमोर हात पुढे करून उभी राहते. पहिल्यांदा बाही बोटांच्या पुढे होती. मग बोटांवर आली. मग तळहातावर. मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचो.

परवा ती तशीच येऊन उभी राहिली. बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली होती. जास्त नाही, कमी नाही. मी वर्तमानपत्राची घडी केली. काल संध्याकाळी आम्ही दोघं जाऊन नवे बूट घेऊन आलो, टोकाला अंगठाभर जागा ठेवून, आणि आज सकाळी बँकेत गेल्या गेल्या मी रजेचा अर्ज दिला.